सान्सेपोल्क्रो येथील पुनरुत्थानाचें भित्तिचित्र

१. विषय व विवेचनाची दिशा

इटलीच्या मध्यभागीं, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, सान्सेपोल्क्रो नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथील जुन्या नगरसभेच्या इमारतींत एका भिंतीवर ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचें चित्र काढलेलें आहे. ही इमारत आतां नगराचें संग्रहालय झाली आहे. चित्राची उंची सुमारें सव्वादोन मीटर व रुंदी सुमारें दोन मीटर आहे. चित्रकार त्याच शहराचा रहिवासी, पिएरो देल्ला फ्रांचेस्का. त्याचा जन्म इ. स. १४१२ ते १४१७ च्या दरम्यान केव्हां तरी झाला व मृत्यु १२ ऑक्टोबर १४९२ रोजीं झाला. प्रस्तुत चित्र काढल्याची तारीख कोठें नोंदलेली नाहीं. शैलीवरून व तत्कालीन परिस्थितीवरून अभ्यासक त्याचा काळ इ. स. १४५० ते १४७० यांच्या दरम्यान धरतात. सोळाव्या शतकांत जॉर्जो वासारी यानें इटालियन कलावंतांचीं चरित्रें लिहिलीं. त्यांत हें चित्र पिएरोच्या त्या शहरांतील व इतरत्रच्याही सर्व कृतींत श्रेष्ठ समजलें जातें, असा अभिप्राय त्यानें नमूद करून ठेविला आहे.

चित्राची कीर्ति मोठी आहे. परंतु कीर्तीनें चित्र समजत नाहीं. धार्मिक चित्रांविषयीं सामान्यतः दोन प्रकारचें लेखन आढळतें. एक भाविकाचें, त्यास चित्रांतील दैवताशीं कर्तव्य असतें, चित्राशीं नसतें. दुसरें केवळ रसिकाचें. तो रेषा, रंग व रचना पाहतो व चित्राचा विषय जणूं एक निमित्त होता असें समजून पुढें जातो. इतिहासाच्या अभ्यासकास तिसरा एक मार्ग मोकळा आहे. जुना कागद हातीं आला म्हणजे तो कोणीं लिहिला, कोणास उद्देशून लिहिला, कोणत्या प्रसंगीं लिहिला, त्याचा मायना पूर्वींच्या कोणत्या नमुन्यावरून घेतला, हे प्रश्न आपण विचारतों. हेच प्रश्न चित्रास विचारावे. चित्रांतील धर्म आपला असो वा नसो, या प्रश्नांचीं उत्तरें सर्वांस सारखींच मिळतात. आणि तीं मिळालीं म्हणजे चित्राचा रसही अधिक खोल कळतो. सान्सेपोल्क्रोचें हें चित्र एका नगराच्या कारभाऱ्यांसमोर उभें केलेलें जागृतीचें शासन आहे, असें आमचें मत आहे. तें कोणत्या आधारावर बनलें हें पुढें क्रमशः मांडिलें आहे.

२. ग्रंथाधार

ख्रिस्ताची कथा मराठी वाचकास अगदींच अपरिचित नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स याचें ‘क्रिस्तपुराण’ साष्टींतील राशोल येथें इ. स. १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या दुसऱ्या पुराणांत ख्रिस्ताचें चरित्र मराठी ओवींत सांगितलेलें आहे. तथापि प्रस्तुत विषयास अवश्य तेवढा कथाभाग येथें थोडक्यांत देतों.

ख्रिस्तास शुक्रवारीं क्रूसावर देण्यांत आलें व त्याच दिवशीं खडकांत खोदलेल्या थडग्यांत ठेवून तोंडाशीं मोठी धोंड लावण्यांत आली. रविवारीं पहाटे कांहीं स्त्रिया तेथें गेल्या तों धोंड बाजूस सारलेली व थडगें रिकामें. मत्तय, मार्क, लूक व योहान हे शुभवर्तमानांचे चार कर्ते. परंतु ख्रिस्त थडग्यांतून प्रत्यक्ष उठला तो क्षण यांपैकीं एकानेंही वर्णिलेला नाहीं. ज्या घटनेवर एका जगद्व्यापी धर्माची उभारणी झाली, तिला मूळ ग्रंथांत एकही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाहीं. जें सांगितलें आहे तें आधींचें व नंतरचें. मधला क्षण झांकलेलाच आहे.

पहारेकऱ्यांचा उल्लेख चौघांपैकीं एकट्या मत्तयानें केला आहे. याजक व परूशी यांनीं रोमन सुभेदार पिलात याच्या संमतीनें थडग्यावर पहारा बसविला. रविवारीं पहाटे भूकंप झाला, देवदूत खालीं उतरला, आणि पहारेकरी भयानें कांपून मृतवत् झाले, असें तो लिहितो. पुढें तो सांगतो कीं, याजकांनीं पहारेकऱ्यांस पैसे चारले व आम्ही झोंपलों असतां शिष्यांनीं प्रेत चोरून नेलें असें बोलण्यास शिकविलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणें पहारेकरी भयानें गतप्राण झाल्यासारखे पडले. त्यांची झोंप ही लांच घेऊन दिलेली खोटी साक्ष होय. असें असूनही युरोपांतील चित्रकार शतकानुशतकें पहारेकरी झोंपलेलेच दाखवीत आले. ग्रंथांत जें असत्य म्हणून सांगितलें, तें चित्रांत प्रतीक होऊन बसलें. मनुष्याची झोंप म्हणजे त्याचें अज्ञान, असा अर्थ त्यास आला. पिएरोच्या चित्रांत या झोंपेस आणखी एक अर्थ प्राप्त झाला, तो पुढें येईल.

३. प्रतिमेची परंपरा

ग्रंथांत क्षणाचें वर्णन नसल्यामुळें चित्रकारांस त्याचें रूप स्वतः घडवावें लागलें, व तें घडण्यास कित्येक शतकें लागलीं. चौथ्या शतकांतील कांहीं संगमरवरी शवपेट्या रोम येथें जतन केलेल्या आहेत. त्यांवर ख्रिस्ताची आकृति न कोरतां एक रिता क्रूस, त्यावर विजयमाला व मालेच्या आंत ख्रिस्ताच्या नांवाचीं ग्रीक आद्याक्षरें कोरलेलीं दिसतात. क्रूसाखालीं दोन रोमन शिपाई बसलेले असतात. पूर्वेकडील ग्रीक पंथानें निराळा मार्ग घेतला. तेथें पुनरुत्थान म्हणून जें चित्र पूजिलें जातें, त्यांत ख्रिस्त पाताळांत उतरून आदाम व हव्वा यांस हात धरून वर ओढीत असतो. थडग्यांतून स्वतः बाहेर पाऊल टाकणारा ख्रिस्त हा प्रकार मुख्यतः पश्चिम युरोपाचा असून तो अकराव्या-बाराव्या शतकांपासून रूढ होत गेला. खडकांतील गुहेच्या जागीं रोमन धाटणीची आयताकार पेटी आली ती याच परंपरेमुळें.

आतां खास सान्सेपोल्क्रोकडे वळूं. या शहराच्या मुख्य देवालयांत सिएना येथील निक्कोलो दी सेन्या या चित्रकाराचा एक अनेकफलकी वेदीपट आहे. त्याचा काळ इ. स. १३४८ च्या सुमाराचा मानतात. त्याच्या मधल्या फलकावर पुनरुत्थान आहे: ख्रिस्त समोर तोंड करून उभा, एक पाय शवपेटीच्या कांठावर, हातीं ध्वज, खालीं झोंपलेले शिपाई. पिएरो जन्मला त्यापूर्वीं सुमारें साठ-सत्तर वर्षें हा पट शहरांतील लोकांच्या डोळ्यांसमोर होता. म्हणजे पिएरोच्या चित्राचा सांगाडा त्यानें नवीन कल्पिलेला नाहीं. गांवच्या पूज्य प्रतिमेचा तो जाणूनबुजून केलेला अनुवाद आहे. एखाद्या देवस्थानाची मूळ मूर्ति जशी असते तशीच उत्सवमूर्ति घडवावी लागते. लोकांस आपला देव ओळखूं आला पाहिजे. पिएरोनें तीच मर्यादा पाळली व तिच्या आंत राहून आपलें सामर्थ्य दाखविलें.

४. नगर आणि त्याची स्थिति

या नगरास हाच विषय इतका जवळचा कां, याचें उत्तर त्याच्या नांवांतच आहे. ‘सान सेपोल्क्रो’ म्हणजे ‘पवित्र थडगें’. आर्कानो व एजिदिओ नांवाचे दोन यात्रेकरू जेरुसलेमहून ख्रिस्ताच्या थडग्याचे पवित्र अवशेष घेऊन परतत असतां या खोऱ्यांत मुक्कामास राहिले, त्यांस येथेंच राहण्याचा दैवी संकेत झाला व त्यांनीं एक लहान प्रार्थनामंदिर बांधिलें; त्याभोंवतीं पुढें मठ व गांव वसला, अशी दहाव्या शतकांतील म्हणून आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिक सत्यता कितीही असो, पंधराव्या शतकांतील नागरिकांची तीवर श्रद्धा होती व थडग्यांतून उठणारा ख्रिस्त हें त्यांच्या नगराचें चिन्ह होऊन बसलें होतें, ही गोष्ट निर्विवाद आहे. आमच्याकडे जसा प्रत्येक गांवास ग्रामदेव असतो व गांवाचें नांव, यात्रा व निवाडे त्याच्याशीं जोडलेले असतात, तसाच कांहींसा हा संबंध होता.

राजकीय दृष्ट्या मात्र हें नगर फार काळ स्वतःच्या हातीं राहिलें नाहीं. इ. स. १३७१ पासून १४३० पर्यंत त्यावर रिमिनीच्या मालातेस्ता घराण्याचा अंमल होता. नंतर तें पोपच्या ताब्यांत गेलें. २९ जून १४४० रोजीं जवळच आंग्यारी येथें मिलानच्या फौजेचा फ्लॉरेन्सच्या बाजूनें लढणाऱ्या सैन्यानें पराभव केला, आणि इ. स. १४४१ सालीं पोप चौथा यूजीन यानें पंचवीस हजार फ्लोरिन घेऊन हें नगर फ्लॉरेन्सच्या हवालीं केलें. नागरिकांची संमति विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पिएरो तेव्हां तिशीच्या आंतबाहेर होता. पुढल्याच वर्षीं, १४४२ सालीं, नगराच्या सभासदांत त्याचें नांव आढळतें. याचा अर्थ असा कीं, ज्या संस्थेच्या इमारतींत हें चित्र आहे, त्या संस्थेच्या कारभाराशीं चित्रकाराचा प्रत्यक्ष संबंध होता.

फ्लॉरेन्सनें आपला अधिकारी नेमला, तरी नगराचे स्थानिक कारभारी राहिले. त्यांस ‘कोन्सेर्व्हातोरी’, म्हणजे रक्षक, अशी संज्ञा होती. पंधराव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या अखेरीस नगरसभेची इमारत फ्लॉरेन्सकडून या रक्षकांस परत मिळाली, व त्या प्रसंगाशीं चित्राचा संबंध असावा असें कित्येक अभ्यासक मानतात. करारपत्र उपलब्ध नसल्यामुळें हें अनुमानच राहतें. परंतु ज्यांचें नांवच ‘रक्षक’ त्यांच्या सभागृहांत झोंपलेल्या रक्षकांचें चित्र असावें, हा योग कोणाच्याही लक्षांत आल्यावांचून राहणार नाहीं.

५. चित्राचें वर्णन

चित्राच्या दोन्ही बाजूंस पन्हळी स्तंभ रंगविलेले आहेत व त्यांमधून आपण पलीकडे पाहत आहों असा भास होतो. मध्यें संगमरवरी शवपेटी आडवी ठेवलेली. तिच्या अलीकडे चार शिपाई झोंपलेले. डावीकडच्यानें तोंड दोन्ही हातांत झांकून घेतलें आहे; दुसरा पेटीस डोकें टेकून, चेहरा आपल्याकडे करून, गाढ झोंपला आहे; उजवीकडच्या दोघांपैकीं एकाजवळ भाला आहे. या भालेकऱ्याचे पाय कोठें आहेत हें शोधूं गेल्यास सांपडत नाहींत. शरीररचनेच्या दृष्टीनें ही उणीव म्हणावी लागेल. परंतु पाय घातले असते तर चौघांची मिळून जी एक घट्ट जुडी झाली आहे ती उकलली असती.

या चौघांच्या वर, पेटीच्या आंत एक पाय व कांठावर दुसरें पाऊल अशा स्थितींत ख्रिस्त उभा आहे. अंगावर फिकट गुलाबी वस्त्र, एका खांद्यावरून घेतलेलें. दुसरी बाजू उघडी असून कुशींतील जखम स्पष्ट दिसते. उजव्या हातांत पांढऱ्या वस्त्रावर तांबडा क्रूस असलेला ध्वज. देह बळकट, एखाद्या प्राचीन रोमन पुतळ्यासारखा. चेहरा मात्र राजपुत्राचा वा देवदूताचा नाहीं, त्या खोऱ्यांतल्या शेतकऱ्याचा वाटावा असा, रुंद व रापलेला. डोळे सताड उघडे असून थेट पाहणाऱ्याकडे लागलेले आहेत. त्यांत हर्ष नाहीं, कोप नाहीं, करुणाही उघड दिसत नाहीं. जो मरण पाहून आला आहे त्याची ती दृष्टि आहे.

पाठीमागें पहाटेचें आकाश व टेकड्या. पाहणाऱ्याच्या डाव्या हातास झाडें निष्पर्ण, उजव्या हातास पालवलेलीं. ख्रिस्ताचा देह या दोन ऋतूंच्या मधोमध उभा आहे. मृत्यूकडून जीवनाकडे, हिंवाळ्याकडून वसंताकडे असा हा अर्थ इतका सरळ आहे कीं त्यास टीकेची गरज नाहीं. तथापि चित्रकारानें तो कोठेंही ओरडून सांगितलेला नाहीं. झाडें मागें, लहान व शांत आहेत. प्रथम दृष्टि चेहऱ्यावर खिळते; झाडांतील भेद मागाहून उमगतो.

सर्व रचना एका त्रिकोणांत बसविलेली आहे. पाया शिपायांच्या देहांचा, शिखर ख्रिस्ताच्या मस्तकाचें. पेटीचा आडवा कांठ चित्राचे दोन भाग करतो: खालीं जड, वेडेवांकडे, निद्रिस्त देह, वर एकच ताठ, जागृत आकृति. हालचालीचा लेशही नाहीं. पुनरुत्थान ही क्रिया असतां चित्रकारानें ती स्थिति करून दाखविली.

६. दोन दृष्टिस्थानें

पिएरो हा चित्रकार होता तसाच गणितज्ञही होता. चित्रांतील यथादर्शनावर त्यानें स्वतंत्र ग्रंथ लिहिला; व्यापारी गणितावर व पांच सम घनाकृतींवरही त्याचे ग्रंथ आहेत. त्याच नगरांत जन्मलेला प्रसिद्ध गणिती लूका पाचोली यानें आपल्या ग्रंथांत पिएरोचें बरेंच गणित घेतलें आहे. अशा मनुष्याच्या हातून यथादर्शनाची चूक होणें संभवत नाहीं. म्हणूनच पुढील गोष्टीस महत्त्व आहे.

शिपायांकडे पाहतां ते आपल्यापेक्षां उंचावर आहेत व आपण खालून पाहत आहों असें दिसतें. दुसऱ्या शिपायाचा मागें कललेला चेहरा खालून पाहिल्याप्रमाणेंच काढलेला आहे. हाच नियम पुढें चालविला असता तर त्यांच्याही वर उभा असलेल्या ख्रिस्ताचा चेहरा अधिकच खालून, हनुवटीकडून, दिसावयास पाहिजे होता. तसें नाहीं. तो अगदीं समोरासमोर, डोळ्यास डोळा भिडेल असा काढलेला आहे. चित्रांत दोन दृष्टिस्थानें आहेत: एक मर्त्य मनुष्यांसाठीं, दुसरें ख्रिस्तासाठीं. शिपाई भूमितीच्या नियमानें बांधलेले आहेत. ख्रिस्त त्यांतून सुटला आहे. धर्मशास्त्रांतील एक सिद्धांत येथें शब्दावांचून, केवळ दृष्टिस्थान बदलून, सांगितला गेला.

याचा व्यावहारिक परिणाम असा कीं, पाहणारा कोठेंही उभा राहो, ती दृष्टि त्याच्यावर येते. चित्रांतील चौघे झोंपलेले, पाहणारा जागा. मूळ ग्रंथांत ज्या क्षणास साक्षीदार नाहीं असें आपण वर पाहिलें, त्या क्षणाचा साक्षीदार चित्रकारानें चित्राबाहेर उभा केला आहे. तो साक्षीदार म्हणजे चित्रासमोरचा मनुष्य, आणि नगरसभेंत तो मनुष्य म्हणजे कारभारी. नगराचे रक्षक कामास बसण्यापूर्वीं या प्रतिमेपुढें प्रार्थना करीत असें म्हणतात. पायाशीं झोंपलेले पहारेकरी व वर जागा असलेला नगराचा अधिदेव पाहून कामास बसणाऱ्यांस आपल्या कर्तव्याची निराळी सूचना देण्याची गरज नव्हती. ग्रंथांतली खोटी साक्ष चित्रपरंपरेंत अज्ञानाचें प्रतीक झाली. नगरसभेच्या भिंतीवर तीच कर्तव्यच्युतीचा इशारा झाली.

७. एक तुलना

स्थळ व पाहणारा यांनीं चित्राचें रूप ठरतें, या म्हणण्याची परीक्षा दुसऱ्या एका प्रसिद्ध चित्रानें करतां येते. जर्मन चित्रकार ग्र्यूनेवाल्ड यानें इ. स. १५१२ ते १५१६ या काळांत इझेनहाइम येथील मठासाठीं एक मोठा वेदीपट रंगविला. तो हल्लीं फ्रान्समध्यें कोल्मार येथें आहे. त्यांतील पुनरुत्थान पिएरोच्या अगदीं उलट आहे. रात्रीचें काळें आकाश, ताऱ्यांचे ठिपके, आणि पिवळ्या-तांबड्या तेजाच्या गोळ्यांत वर उसळलेला ख्रिस्त. शिपाई धक्क्यानें कोलमडून पडलेले.

विषय एक असतां इतका फरक कां? इझेनहाइमचा मठ संत अँथनीच्या पंथाचा असून तेथें रुग्णालय होतें. विषारी बुरशी लागलेल्या राय धान्याच्या भाकरीमुळें होणाऱ्या व अंग जाळून सडविणाऱ्या एका भयंकर रोगाचे रोगी तेथें येत. त्याच वेदीपटाच्या क्रूसारोहणाच्या चित्रांत ख्रिस्ताचा देह व्रणांनीं भरलेला आहे. पुनरुत्थानांत तोच देह निर्मळ व प्रकाशमय झालेला आहे. रोगजर्जर मनुष्यास देहाच्या शुद्धीची आशा हवी होती, ती चित्रकारानें दिली. सान्सेपोल्क्रोच्या कारभाऱ्यांस आशेइतकीच शिस्त हवी होती. एका ठिकाणीं ख्रिस्त देहाचे बंध तोडून उडतो, दुसऱ्या ठिकाणीं कांठावर पाय रोवून उभा राहतो. यांपैकीं श्रेष्ठ कोणतें हा वाद निष्फळ आहे. दोन्हीं चित्रें आपापल्या जागीं पूर्ण आहेत.

८. दंतकथा व पुरावा

प्रसिद्ध चित्राभोंवतीं दंतकथा जमतात. त्या टाकूनही देऊं नयेत व तपासल्यावांचून घेऊंही नयेत. दुसरा शिपाई, ज्याचा चेहरा आपल्याकडे वळलेला आहे, तो स्वतः पिएरो होय, अशी परंपरागत समजूत आहे. समकालीन लेखी आधार तीस नाहीं. परंतु ती खरी मानल्यास चित्रकारानें स्वतःस जागृतांत न गणतां झोंपलेल्यांत गणलें, असा तिचा अर्थ होतो. आणि असें मानण्याचा मोह लोकांस कां पडला असेल हें चित्र पाहिल्यावर सहज कळतें.

दुसरी गोष्ट चित्राच्या जागेची. इ. स. २०१५ ते २०१८ या काळांत चित्राचा जीर्णोद्धार झाला. फ्लॉरेन्स येथील प्रसिद्ध शासकीय संस्थेच्या तज्ज्ञांचा त्यांत हात होता व खर्चाचा मोठा भाग एका खासगी देणगीदारानें दिला. त्या वेळच्या तपासणींतून असें अनुमान निघालें कीं, चित्र मूळ याच भिंतीवर काढलेलें नसून जुन्या काळींच पाठीमागील दगडीकामासकट कापून येथें आणून बसविलेलें असावें. मूळ जागेविषयीं मतभेद आहेत. या शोधानें वरील विवेचनास बाध येतो काय? आमच्या मतें येत नाहीं. वासारीच्या काळीं तें रक्षकांच्या वाड्यांत होतें हें त्याच्या उल्लेखावरून ठरतें. आणि चित्रासाठीं भिंतच उचलून आणण्याचा खटाटोप नगरानें केला असेल, तर नगरसभेस तें किती आवश्यक वाटत होतें याचा तो अधिकच बळकट पुरावा होय.

येथें तंत्राविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. अजिंठ्याचीं चित्रें माती-चुन्याच्या वाळलेल्या लेपावर डिंकासारख्या बंधकांत रंग कालवून काढलेलीं आहेत. इटलींतील मुख्य रीत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग देण्याची. चुना वाळतांना रंग त्यांतच बद्ध होतो. पिएरोनें या चित्रांत दोन्ही प्रकारांचा मिलाफ केला आहे, व कोरड्यावर दिलेला रंग कालांतरानें अधिक झडला आहे. अशा कामीं इटालियन कारागिरांचा लौकिक मोठा असल्यामुळें इ. स. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें अजिंठ्याच्या चित्रांच्या दुरुस्तीसाठीं तेथूनच तज्ज्ञ आणविले होते. त्या वेळीं दिलेलें लाखेचें रोगण पुढें काळवंडलें व तें काढण्याचें काम मागाहून करावें लागलें. चित्र जपणें हें चित्र काढण्याइतकेंच कठीण असतें, याचीं हीं दोन दूरदूरचीं उदाहरणें एकाच कारागिरीच्या सूत्रानें जोडलेलीं आहेत.

तिसरी गोष्ट दुसऱ्या महायुद्धांतील. इंग्रज लेखक ऑल्डस हक्सली यानें इ. स. १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासलेखांच्या संग्रहांत या चित्रास जगांतील सर्वश्रेष्ठ चित्र ठरविलें होतें. इ. स. १९४४ सालीं टोनी क्लार्क नांवाच्या ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्यास सान्सेपोल्क्रोवर गोळे टाकण्याचा हुकूम मिळाला. मारा सुरू झाला. इतक्यांत या गांवाचें नांव आपण कोठें वाचलें आहे याचा त्यास आठव झाला. चित्र त्यानें कधीं पाहिलें नव्हतें. केवळ हक्सलीचा निबंध वाचलेला होता. त्यानें तोफा थांबविल्या. जर्मन फौज त्यापूर्वींच निघून गेली होती असें नंतर समजलें. ही हकीकत ऐकीव नाहीं. क्लार्कच्या स्वतःच्या रोजनिशींत ती आहे, व नगरानें एका रस्त्यास त्याचें नांव दिलें आहे.

या प्रसंगाचें मर्म सांगतांना मात्र सावध असावें. चित्रानें नगर वाचविलें असें म्हणणें गोड आहे. घडलें तें असें कीं, एका लेखकानें चित्राविषयीं लिहिलें, एका अधिकाऱ्यानें तें वाचलें, आणि हुकूम व स्मरण यांच्या झगड्यांत स्मरण जिंकलें. जें कोणीं पाहिलें नाहीं, वर्णिलें नाहीं, त्याच्यासाठीं तोफ थांबत नाहीं. त्याच युद्धांत, त्याच वर्षीं, मोंते कास्सिनोचा पुरातन मठ बाँबवर्षावानें जमीनदोस्त झाला होता. तो विध्वंस पाहून झालेला धक्काही क्लार्कनें आपल्या रोजनिशींत नमूद केलेला आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पुनरुत्थानाच्या क्षणाचें वर्णन मूळ ग्रंथांत नसल्यामुळें प्रत्येक चित्र हें त्या क्षणाचें एक भाष्य ठरतें. दुसरी, पिएरोचें भाष्य स्थानिक परंपरेवर उभें आहे. प्रतिमा गांवची व प्रज्ञा त्याची. तिसरी, झोंपलेले पहारेकरी, थेट समोर येणारी दृष्टि व दोन दृष्टिस्थानें यांचा एकत्र विचार केल्यास हें चित्र नगराच्या रक्षकांस उद्देशून आहे असें मानण्यास सबळ कारण दिसतें. चौथी, करारपत्र वा हिशेबाचा कागद पुढें सांपडल्यास यांतील अनुमानाचा भाग दुरुस्त करावा लागेल, आणि तसें करण्यास अभ्यासकानें सदैव तयार असावें.

ख्रिस्त खरोखर उठला कीं नाहीं, हा श्रद्धेचा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु पंधराव्या शतकांत एका पराधीन झालेल्या लहान नगराच्या लोकांनीं तो उठला असें मानिलें, त्यास आपल्या सभेच्या भिंतीवर उभें केलें, आणि आपलें राज्य विकलें गेलें असतांही आपला पहारा आपणच केला पाहिजे अशी जाणीव त्याच्या दृष्टीखालीं बाळगिली, हा मात्र इतिहासाचा विषय आहे. त्या इतिहासाचा अस्सल कागद म्हणून हें चित्र आजही त्याच नगरांत, त्याच इमारतींत आहे. जो कोणी तेथें जाईल, त्यानें प्रथम झोंपलेल्या चौघांकडे पाहावें व मग वर पाहावें. रक्षक ज्या क्रमानें पाहत असतील तो क्रम बहुधा हाच असावा.